कंपाउंडर ते फार्मासिस्ट : गुडघेदुखीच्या निमित्ताने

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी "तुम्ही इतिहासाच्या बाई, इतिहासावरच काहीतरी लिहा," असे चिटणीसबाईंनी मला सांगितले. तीस वर्षे शाळेत इतिहास शिकविला असल्याने नाही म्हणणे शक्य नव्हते. परंतु लिहावयास बसले तेव्हा डोळ्यांपुढे शिवकाल आला नाही आणि पेशवाईही आली नाही. आल्या त्या आपल्या सभागृहातील खुर्च्या! मंडळात मी नवी होते तेव्हा हळदीकुंकवाला दोन मोठ्या सतरंज्या पुरत असत. मांडी घालून ओळीने बसावे, वाण घ्यावे आणि गप्पा रंगल्या की तिथेच तासभर रेंगाळावे. यंदा चैत्रातल्या हळदीकुंकवाला सतरंजीवर सहा जणी होत्या आणि बाकी सगळ्या खुर्च्यांवर. मंगळागौरीच्या फुगड्या घालणाऱ्या आपल्याच मैत्रिणी आता जिना उतरताना कठडा धरतात आणि देवापुढे वाकताना "आई गं" म्हणतात.

आपल्या या दुखण्याला डॉक्टर 'ऑस्टिओआर्थ्रायटिस' म्हणतात. सांध्यातील हाडांच्या टोकांवर जी गुळगुळीत कूर्चा असते ती विरळ होते, हाडाच्या कडा वाढतात, सांध्याचे अस्तर अधूनमधून सुजते आणि मांडीचे स्नायू दुबळे होतात. गेलेली कूर्चा परत आणणारे औषध अद्याप सापडलेले नाही. म्हणून या दुखण्याबरोबर संसार करावा लागतो, आणि तो वीस-वीस वर्षे करावा लागतो. डॉक्टरांची गाठ सहा महिन्यांतून एकदा पडते. औषधाच्या दुकानात मात्र आपण महिन्याला दोनदा जातो. तेव्हा काउंटरच्या पलीकडे उभा असलेला माणूस कोण, तो तिथे कसा आला आणि त्याच्याकडून आपण काय घ्यावे, या प्रश्नालाही इतिहास आहे. तोच आज सांगण्याचे योजिले आहे.

माझे बालपण एका तालुक्याच्या गावी गेले. गावात एकच डॉक्टर. त्यांच्या दवाखान्यात मधल्या भिंतीला एक अर्धी खिडकी होती आणि तिच्यामागे कंपाउंडर बसत. घरून धुतलेली बाटली न्यावयाची, ती खिडकीतून आत द्यावयाची आणि बाकावर बसून राहावयाचे. आतून खलात काही घोटल्याचा आवाज येई. मग लालसर मिक्श्चरने भरलेली बाटली बाहेर येई. तिच्या बाजूला कात्रीने खाचा पाडलेली कागदाची पट्टी चिकटविलेली असे. एक खाच म्हणजे एक डोस. आजीचे गुडघे धरले की ती बाटली आणण्याचे काम माझ्याकडे असे. बाटली देताना कंपाउंडरकाका न चुकता सांगत, "हलवून घ्यायचं. आणि आजींना सांग, उपाशीपोटी घ्यायचं नाही. जेवल्यावर."

बाटलीत काय आहे हे आजीला ठाऊक नव्हते, मलाही नव्हते. पुढे वाचनात आले की त्या काळच्या सांधेदुखीच्या मिक्श्चरांत सोडियम सॅलिसिलेट नावाचा क्षार पुष्कळदा घालीत. या सॅलिसिलेटची कुळकथा मोठी मनोरंजक आहे.

सांधेदुखी ही काही आजकालची व्याधी नव्हे. चरकसंहितेत वातव्याधींच्या प्रकरणात संधिगत वाताचे वर्णन आहे. हात लावला असता सांधा वाऱ्याने भरलेल्या पखालीसारखा लागतो आणि पाय पसरताना, आखडताना वेदना होतात, असे त्या ग्रंथाने सांगितले आहे. तेलाचे मर्दन आणि शेक हे उपचार आपल्या घराघरांत चालत आले ते या परंपरेतूनच. पाश्चात्त्य देशांत दुखण्यावर आणि तापावर एका झाडाच्या सालीचा उपयोग होई. ते झाड म्हणजे विलो. आपल्याकडे ओढ्या-नद्यांच्या काठी वाळुंज नावाचे झाड असते, ते याच कुळातले. इंग्लंडमधील एडवर्ड स्टोन या पाद्र्याने ही साल वाळवून, कुटून, सुमारे 50 तापकऱ्यांना दिली आणि तिचा गुण येतो असे 1763 साली रॉयल सोसायटीला पत्र लिहून कळविले. पुढे रसायनशास्त्रज्ञांनी सालीतील सत्त्व वेगळे काढले. स्कॉटलंडमधील डंडी येथील डॉक्टर टॉमस मॅक्लॅगन यांनी 1876 साली ते सांधे सुजविणाऱ्या ऱ्हुमॅटिक तापावर वापरल्याचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. याच सुमारास सॅलिसिलिक आम्ल कारखान्यात तयार होऊ लागले होते. गुण येई खरा, परंतु पोट जळे आणि मळमळे. 1897 साली जर्मनीतील बायर कंपनीत फेलिक्स हॉफमन यांनी त्यात फेरफार करून नवे रसायन केले. 1899 साली त्याला 'ॲस्पिरिन' हे नाव मिळाले आणि ते जगभर गेले.

आपल्या मुंबईचाही या कथेत एक धागा आहे. 1893 साली काशीनाथुनी नागेश्वर राव या आंध्रातून आलेल्या गृहस्थांनी मुंबईत 'अमृतांजन' सुरू केले. अंगाला चोळावयाच्या अशा कितीतरी मलमांत आणि तेलांत गंधपुऱ्याच्या तेलातला घटक असतो. तोही सॅलिसिलेटचाच भाऊबंद. म्हणजे आजीची बाटली आणि आजीच्या उशाशी असलेली मलमाची डबी, दोन्ही एकाच कुळातल्या!

ॲस्पिरिन पोटाला सौम्य, अशी समजूत बराच काळ होती. 1938 साली लंडनच्या दोन डॉक्टरांनी नळीतून दुर्बीण घालून रोग्यांच्या पोटात पाहिले, तेव्हा ॲस्पिरिनचे कण जिथे चिकटले तिथे अस्तर लाल झालेले त्यांना दिसले. आमचे कंपाउंडरकाका वैद्यकाची मासिके वाचीत असतील असे मला वाटत नाही. परंतु "उपाशीपोटी घ्यायचं नाही" हे वाक्य त्यांना अनुभवाने पाठ झाले होते. औषध देणाऱ्याने औषधाबरोबर चार शब्द द्यावयाचे असतात, हे मी प्रथम त्या खिडकीपाशी शिकले.

तथापि कंपाउंडरांचा काळ सोन्याचा होता असे मात्र मी म्हणणार नाही. पहिल्या महायुद्धानंतर आपल्या देशात भेसळीच्या आणि हलक्या औषधांचा सुळसुळाट झाला होता. हिवतापावरच्या क्विनीनमध्येसुद्धा लबाडी चाले. औषध कोणी बनवावे, कोणी विकावे, विकणाऱ्याला काय ठाऊक असावे, याला देशभर लागू असा नियमच नव्हता. ओरड फार झाली तेव्हा सरकारने 1930 साली कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली औषध चौकशी समिती नेमली. तिचा अहवाल 1931 साली आला. औषधांच्या शुद्धतेसाठी कायदा हवा आणि औषधे देणाराही शिकलेला हवा, अशा दोन्ही गोष्टी समितीने सांगितल्या. पहिली गोष्ट 1940 च्या औषध कायद्याने झाली. दुसरी होण्यास स्वातंत्र्य यावे लागले. 1948 साली फार्मसी कायदा झाला आणि औषधे तयार करून देण्याचे काम नोंदणीकृत फार्मासिस्टाचे ठरले.

पण फार्मासिस्ट आणावयाचे कोठून? या प्रश्नाचे उत्तर काशीत आधीच तयार होत होते. पंडित मदनमोहन मालवीय यांच्या बनारस हिंदू विश्वविद्यालयात महादेव लाल श्रॉफ यांनी 1932 साली औषधनिर्माणशास्त्राच्या शिक्षणाचा पाया घातला. भारतातील फार्मसी शिक्षणाचे जनक म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. मुंबईत 1957 साली बॉम्बे कॉलेज ऑफ फार्मसी निघाले. मी बाटली घेऊन त्या खिडकीपाशी उभी राहत होते, साधारण त्याच वर्षांत हे सारे घडत होते. आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. इतिहास असाच घडतो. आपल्या परकराच्या घोळापाशी घडत असतो आणि आपल्याला पन्नास वर्षांनी पुस्तकात सापडतो.

आता औषधांकडे वळू. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये 1948 साली डॉ. फिलिप हेंच यांनी आमवाताने जखडलेल्या एका तरुण स्त्रीला कॉर्टिझोन टोचले आणि थोड्याच दिवसांत ती हिंडू-फिरू लागली. 1950 साली या कार्याबद्दल हेंच आणि त्यांचे सहकारी यांना नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु फार दिवस घेतले असता हे औषध हाडे ठिसूळ करते, साखर वाढविते, चेहरा सुजविते. खेड्यापाड्यांत 'सांधेदुखीवर रामबाण' म्हणून बिननावाच्या पुड्या विकतात. तपासणीत पुष्कळदा त्यांत याच जातीचे स्टिरॉइड सापडते. दोन दिवसांत चमत्कार दाखविणारी बिननावाची पुडी दिसली की भगिनींनी तिला दुरूनच नमस्कार करावा.

दुसरी कथा इंग्लंडातील स्ट्युअर्ट ॲडम्स यांची. हा मुलगा वयाच्या 16 व्या वर्षी शाळा सोडून बूट्स कंपनीच्या एका औषधाच्या दुकानात उमेदवारीला लागला. काउंटरमागे काम करता करता त्याला या शास्त्राची गोडी लागली. त्याने फार्मसीची पदवी घेतली, पुढे डॉक्टरेट मिळविली आणि त्याच कंपनीत संशोधक म्हणून परतला. नॉटिंगहॅमच्या उपनगरातील एका जुन्या घराच्या बैठकीच्या खोलीत त्याची प्रयोगशाळा होती! ॲस्पिरिनपेक्षा पोटाला सोसेल असे औषध शोधावयाचे, या एका ध्यासाने त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी शेकडो रसायने तपासली. त्यातून आयबुप्रोफेन निघाले. 1969 साली ते ब्रिटनमध्ये डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळू लागले आणि चौदा वर्षांच्या अनुभवानंतर, 1983 साली, चिठ्ठीवाचून विकण्यास परवानगी मिळाली. 2019 साली ॲडम्स वारले तेव्हा ते 95 वर्षांचे होते. जगातील कोट्यवधी गुडघ्यांना आराम देणाऱ्या औषधाचा जनक औषधाच्या दुकानातला उमेदवार होता, हे मला फार अर्थपूर्ण वाटते.

आयबुप्रोफेनच्या मागोमाग डायक्लोफिनॅक आले, निमेसुलाइड आले. पोटाला अजिबात त्रास देणार नाही असे सांगत 1999 साली रोफेकॉक्सिब आले. हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचा धोका वाढतो असे दिसल्यावर 2004 च्या सप्टेंबरात कंपनीने ते जगभरातून मागे घेतले आणि त्याच वर्षअखेरीस आपल्या सरकारनेही त्यावर बंदी घातली. या सर्व इतिहासातून एक गोष्ट पुनःपुन्हा दिसते. वेदनाशामक नवे येते, 'हे निर्धोक' असे म्हणत येते, आणि त्याची दुसरी बाजू काही वर्षांनी कळते. म्हणून औषधाइतकेच महत्त्व ते देताना विचारलेल्या प्रश्नाला आहे.

आणि नेमका तो प्रश्नच मधल्या काळात हरवला. बाटली गेली, चकचकीत वेष्टनातल्या गोळ्या आल्या. खलबत्ता गेला, तसा वाट पाहण्याचा बाकही गेला. 'मेडिकल' वाढली, गल्लीगल्लीत आली. वेदनाशामक गोळ्यांपैकी बहुतेक डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकू नयेत असा नियम आहे. वेष्टनावर तशी सूचनाही छापलेली असते. पण आपण जातो, नाव सांगतो, पैसे देतो आणि येतो. कागदाची पट्टी गेली तशी "जेवल्यावर घ्या" म्हणणारी वाणीही गेली.

यात दोष केवळ दुकानदारांचा आहे असे लिहून मला मोकळे होता आले असते. पण इतिहास लिहिणाऱ्याने आपला दोष झाकू नये. म्हणून घरातली गोष्ट सांगते.

2016 च्या पावसाळ्यात माझा उजवा गुडघा सुजला. डॉक्टरांनी सात दिवसांची गोळी लिहून दिली. मला उतार पडला. माझ्या थोरल्या जाऊबाईंचे दोन्ही गुडघे जुने दुखरे. त्या म्हणाल्या, "मलाही त्या गोळीचं नाव दे ग." मी कागदाच्या चिठोऱ्यावर मोठ्या अक्षरांत नाव लिहून दिले. शिक्षिकेचे अक्षर, कोणालाही वाचता येईल असे! तो चिठोरा घेऊन त्या जवळच्या मेडिकलमध्ये गेल्या. कोणी काही विचारले नाही. दहा गोळ्या संपल्या, पुन्हा दहा आणल्या. एका दुकानात नाही मिळाल्या तर दुसऱ्या. सात दिवसांची गोळी त्यांनी चार महिने घेतली. जाऊबाईंना रक्तदाब होता. त्यावरची एक गोळी आणि लघवी साफ होण्यासाठी दुसरी, अशा दोन गोळ्या त्या रोज घेत. हे मला ठाऊक होते. तरीही या तिन्हींचे एकमेकींशी काय नाते आहे हा प्रश्न माझ्या मनाला शिवला नाही.

दिवाळीच्या आधी त्यांच्या पायांवर सूज दिसू लागली. फराळाच्या वासाने मळमळे. "दमलेय ग," एवढेच म्हणत. भाऊबिजेच्या दिवशी त्या ओवाळून उठल्या आणि तशाच खाली बसल्या. रुग्णालयात नेले तेव्हा रक्ततपासणीत मूत्रपिंडांचे काम फार मंदावलेले निघाले. डॉक्टरांनी पहिला प्रश्न केला, "दुखण्याची गोळी घेत होता का? किती दिवस?" जाऊबाईंनी माझ्याकडे पाहिले. त्या काही बोलल्या नाहीत. आजतागायत बोललेल्या नाहीत. परंतु ती नजर मी विसरणार नाही.

ईश्वरकृपेने गोळी वेळीच थांबली, सहा दिवसांनी त्या घरी आल्या आणि हळूहळू मूत्रपिंडे सावरली. गुडघे मात्र दुखतच होते. नवी चिठ्ठी घेऊन आम्ही दोघी रुग्णालयाच्या वाटेवरच्या एका दुकानात गेलो. काउंटरमागे पंचविशीतली एक मुलगी होती. अंगात पांढरा कोट, त्यावर नावाची पट्टी. तिने चिठ्ठी वाचली आणि औषधे काढण्याऐवजी विचारले, "आजी, याशिवाय घरात कोणकोणत्या गोळ्या आहेत?" आम्ही एकमेकींकडे पाहिले. जाऊबाई म्हणाल्या, "डबाभर आहेत." त्यावर ती म्हणाली, "उद्या दुपारी गर्दी नसते, तेव्हा तो डबा घेऊन या."

दुसऱ्या दिवशी आम्ही बिस्किटांचा तो पत्र्याचा डबा तिच्यापुढे उपडा केला. तिने एकेक पाकीट उलटून मागची बारीक अक्षरे वाचली. मुदत संपलेली बाजूला, चालू असलेली बाजूला. मग तिने दोन वेगवेगळ्या नावांची, वेगवेगळ्या रंगांची पाकिटे शेजारी ठेवली आणि म्हणाली, "ही दोन्ही एकच औषध आहेत. कंपन्या वेगळ्या, म्हणून नावं वेगळी. डॉक्टरांनी बंद केलेली गोळी ती हीच." जाऊबाईंनी जुनी गोळी टाकून दिली होती, पण ही दुसरी 'साधी, सर्दी-अंगदुखीची' म्हणून ठेवली होती, आणि दुखले की ती घेण्याचे त्यांच्या मनात होते. ती घेतली गेली असती तर पुन्हा तेच रुग्णालय, आणि पुन्हा सुटका झालीच असती याची शाश्वती काय?

त्या मुलीने मला जे समजावून सांगितले ते पुढे मी वाचूनही पाहिले. जॉन व्हेन या इंग्रज शास्त्रज्ञाने 1971 साली या गोळ्यांचे रहस्य उलगडले आणि 1982 साली त्यांना दोन स्वीडिश शास्त्रज्ञांसह नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होतात. दुखऱ्या गुडघ्यात ती वेदना आणि सूज वाढवितात. पण त्याच कुळातली द्रव्ये पोटाच्या अस्तराचे रक्षण करतात आणि मूत्रपिंडांतला रक्तप्रवाह सांभाळतात. वेदनाशामक गोळी ही द्रव्ये बनू देत नाही. गुडघा कोणता आणि मूत्रपिंड कोणते हे तिला कळत नाही. ती सर्वत्र सारखीच वागते. त्यात रक्तदाबाच्या काही गोळ्या आणि लघवीची गोळी यांची भर पडली, की उतारवयातल्या मूत्रपिंडांवर तिन्ही बाजूंनी ताण येतो. आजीच्या कंपाउंडरकाकांचे "उपाशीपोटी नको" आणि या मुलीचे "आणखी कोणत्या गोळ्या?" या दोन वाक्यांमधले अंतर साठ वर्षांचे, पण जात एकच. पहिल्यामागे अनुभव होता, दुसऱ्यामागे शास्त्रही आले.

फार्मासिस्टाचे हे काम केवळ सावधगिरीचे नाही. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात याचा पद्धतशीर प्रयोग झाला. त्याचा वृत्तान्त 2012 साली प्रसिद्ध झाला. 32 औषधदुकानांतून गुडघेदुखीच्या 139 माणसांना निवडले आणि त्यांचे दोन गट केले. एका गटाला केवळ माहितीपत्रक दिले. दुसऱ्या गटातील माणसांची औषधे फार्मासिस्टाने तपासली, व्यायामासाठी त्यांना फिजिओथेरपिस्टाकडे धाडले आणि त्यांच्या डॉक्टरांना कळविले. सहा महिन्यांनी पाहता दुसऱ्या गटाची वेदना आणि चालण्या-उठण्यातली अडचण अधिक कमी झालेली दिसली. विशेष म्हणजे यात नवे औषध कोणतेच नव्हते. होती ती विचारपूस, आणि योग्य ठिकाणी धाडण्याची तत्परता.

आपल्या देशातही नियम झाले आहेत. 2015 साली फार्मसी कौन्सिलने व्यवसायाचे नियम जारी केले. औषध कशासाठी, किती, कसे आणि किती दिवस घ्यावयाचे, त्याचे दुष्परिणाम कोणते, ते कसे ठेवावयाचे, एखादी वेळ चुकली तर काय करावयाचे, हे रोग्याला समजावून सांगणे फार्मासिस्टाच्या कामात धरले आहे. म्हणजे ती मुलगी आम्हांवर उपकार करीत नव्हती. आपले काम करीत होती. मी तिला विचारले, "आजवर आम्हाला कोणीच कसे विचारले नाही?" ती हसून म्हणाली, "आजी, लोक स्कूटर चालू ठेवून गोळी मागतात. विचारलं तर रागावतात. म्हणतात, तुला काय करायचंय, गोळी दे." मी गप्प बसले. चिठोरा मीच लिहिला होता.

भगिनींनो, आपल्या मंडळात आपण लोणच्याची कृती देतो, पैठणीचे दुकान सांगतो, तशीच गोळीचीही देवाणघेवाण करतो. भजनाला बसले की पिशवीतून पाकीट निघते, "ही घे, मला छान लागू पडली." माया खरी असते, यात शंका नाही. पण आपण एकमेकींच्या कंपाउंडर होतो, आणि तेही कंपाउंडरचे चार शब्द न देता. हे आता थांबवू या. दुसरीला आपला अनुभव जरूर सांगावा, गोळी देऊ नये.

त्याऐवजी काय करावे? मला जे उमगले ते थोडक्यात सांगते. आपण रोज घेतो त्या सर्व औषधांची नावे एका कागदावर लिहून तो पाकिटात ठेवावा. काढे, चूर्णे, मलमे हीसुद्धा त्यात धरावी. मलमातले सॅलिसिलेट रक्त पातळ करण्याच्या औषधाबरोबर अडचण करू शकते, हे मला त्या मुलीनेच सांगितले. शक्यतो एकाच दुकानातून औषधे घ्यावीत, म्हणजे तिथल्या फार्मासिस्टाला आपला पूर्वेतिहास ठाऊक होतो. "ही गोळी माझ्या बाकीच्या गोळ्यांबरोबर चालेल का? किती दिवस घ्यायची?" हे दोन प्रश्न स्वतः होऊन विचारावेत. ब्रिटनमधील 2022 च्या मार्गदर्शक सूचनांतही गुडघ्यासाठी पोटातल्या गोळीआधी वरून लावण्याचे वेदनाशामक जेल सुचविले आहे आणि व्यायामाला अग्रस्थान दिले आहे. खुर्चीवर बसून पाय सरळ करून मोजके क्षण धरून ठेवणे, इतक्या साध्या व्यायामानेही मांडीच्या स्नायूंना बळ येते. तो फिजिओथेरपिस्टाकडून एकदा नीट शिकून घ्यावा. आणि फार्मासिस्ट म्हणजे डॉक्टर नव्हे, हेही विसरू नये. सांधा एकाएकी लाल होऊन सुजला, ताप आला, काळी शौचाला झाली, पायांवर सूज आली किंवा लघवी कमी झाली, तर चांगला फार्मासिस्ट गोळी देणार नाही. "आजच डॉक्टरांकडे जा" असे सांगेल. तसे सांगणारा भेटला तर त्याच्यावर रागावू नये. तोच आपला हितचिंतक.

जाऊबाई आता ऐंशीच्या घरात आहेत. सकाळ-संध्याकाळ खुर्चीवर बसून पायांचा व्यायाम करतात, दुखले की जेल लावतात, आणि महिन्याच्या पहिल्या आठवड्यात त्या मुलीच्या दुकानात जाऊन आपला डबा दाखवून येतात. येताना तिच्यासाठी कधी दोन लाडू नेतात. गुडघे काही नवे झाले नाहीत. पण देवघरापर्यंतची आणि मंडळापर्यंतची वाट त्या स्वतःच्या पायांनी चालतात. यंदाच्या हळदीकुंकवाला त्या माझ्या शेजारच्याच खुर्चीवर होत्या. वाण घेताना त्यांनी हळूच विचारले, "काय ग, लिहिलास का तो लेख? चिठोऱ्याचंही लिही हो. लपवू नकोस."

तेव्हा लिहिले आहे. आपल्या मंडळाची अशीच उत्तरोत्तर भरभराट होवो. सतरंजीवर बसणाऱ्या बसोत, खुर्चीवर बसणाऱ्या बसोत; पुढील वर्धापनदिनी सगळ्या जणी पुन्हा एकत्र असोत, एवढीच प्रार्थना.